लोणावळ्याची कुलुपं

सोमवारी सकाळी तुंगार्लीच्या बाजूला चालत निघालात तर लोणावळ्याचं खरं रूप दिसतं. शनिवारची गर्दी उतरलेली असते, चिक्कीच्या दुकानांत नोकर झाडू मारत असतात आणि बंगल्यांच्या रांगाच्या रांगा कुलूपबंद असतात. एखाद्या बंगल्याच्या मागच्या खोलीतून तेवढा चुलीचा धूर येतो. तिथे रखवालदाराचं कुटुंब राहतं. वर्षाचे बाराही महिने त्या बंगल्यात राहणारी माणसं तेवढीच.

त्याच वेळी फोनवर रील फिरत असते : 'लोणावळ्यात व्हिला घ्या, भाड्यातून हप्ता फेडा.' हप्ता फिटतो की नाही ते पुढे बघू. आधी ही कुलुपं कुठून आली ते बघायला हवं. कारण घर बांधायचं, ते रिकामं ठेवायचं आणि तरी त्याला गुंतवणूक म्हणायचं, ही रीत मावळात मुंबईहून आलेली आहे. तिच्यामागे पाऊसपाण्याइतकाच भाड्याच्या कायद्याचा हात आहे.

बोरघाटातून गाड्यांचा रस्ता १८३०मध्ये झाला. पुण्याकडून रेल्वे खंडाळ्यापर्यंत १८५८मध्ये आली, पण घाटातला टप्पा पुरा व्हायला १८६३ उजाडलं. मधली पाच वर्षं मुंबईहून येणारा उतारू खोपोलीच्या बाजूला गाडीतून उतरायचा, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी पकडायचा. घाटातल्या कामावर हजारो मजूर होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याचं काम त्याची बायको अ‍ॅलिस हिने पुढे चालवलं. घाटाच्या इतिहासात तिचं नाव फार कमी घेतलं जातं.

रेल्वे झाल्यावर लोणावळा-खंडाळ्यात दोन तऱ्हांची घरं उभी राहिली. एक, रेल्वेच्या नोकरांची : इंजिनं, शेड, स्टेशन यांच्या आसपासची, वर्षभर नांदती. दुसरी, मुंबईच्या श्रीमंतांची : पारशी, गुजराती, युरोपियन मालकांची, उन्हाळ्यात उघडायची आणि पावसाच्या तोंडाशी बंद करायची. पुढे १९२४मध्ये कैवल्यधाम आलं, १९४५मध्ये नौदलाचं शिवाजी प्रशिक्षण केंद्र आलं आणि वर्षभर राहणाऱ्यांत भर पडली. पण गावाची ओळख ठरली ती दुसऱ्या तऱ्हेच्या घरांवरून.

पाण्याचंही तसंच झालं. वळवणच्या धरणाची कोनशिला १९११मध्ये बसली आणि १९१५पासून मावळात अडवलेल्या पाण्यावर खोपोलीत तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे आणखी एक धरण मुळशीला ठरलं. १९२१मध्ये सेनापती बापट आणि मावळे शेतकरी त्याविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले, तरी धरण झालंच. जमीन इथली, उपयोग तिकडचा, हा व्यवहार आजच्या बंगल्यांच्या आधीपासून पक्का झालेला होता.

आता मुंबईतल्या घरमालकाकडे वळू. लोणावळ्याचा बंगलेवाला बहुतेक वेळा तिथलाच. पहिल्या महायुद्धात घरभाडी भडकली, तेव्हा सरकारने १९१८मध्ये भाडेनियंत्रण आणलं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. त्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४०च्या भाड्याला बांधून टाकलं आणि भाडेकरूला घराबाहेर काढणं अवघड केलं. फाळणीच्या आणि टंचाईच्या काळात हा कायदा नसता तर लाखो लोक रस्त्यावर आले असते, हे विसरून चालणार नाही. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा अर्धशतक टिकला. चाळींच्या मालकांना भाड्यातून डागडुजीही परवडेना. पागडी वाढली. नवी घरं भाड्यासाठी बांधणं हळूहळू थांबलं, विकण्यासाठी बांधणं सुरू झालं.

मालकांनी त्यातून पळवाट काढली : 'भाडेकरू' म्हणायचंच नाही, 'लायसन्सी' म्हणायचं. घर भाडेपट्ट्याने द्यायचं नाही, वापरायची नुसती परवानगी द्यायची. मग १९७३ची दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो कोणी चालू लायसन्सवर घरात राहत होता, तो कायद्याने भाडेकरू ठरला. काल ज्याला 'जा' म्हणता येत होतं, त्याला आज काढता येईना. मुंबईच्या मालकवर्गाच्या मनात हा प्रसंग एखाद्या भूकंपासारखा बसला. माझ्या मते लोणावळ्याच्या कुलपांची किल्ली इथे आहे. घर कोणाला राहायला दिलं की ते गेलं, हा धडा घेऊनच पुढच्या पिढीतला मालक घाट चढला. रिकामं घर निदान आपलं तरी राहतं, असा हिशेब.

११ महिन्यांच्या कराराचं मूळही अशाच बचावात आहे. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून वर्षाला एक महिना कमी. नोंदणी नको, खर्च नको, सरकारदरबारी कागद नको. पण हे आता जुनं झालं. ३१ मार्च २०००पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५प्रमाणे करार ११ महिन्यांचा असो की ११ दिवसांचा, तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा. नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरलं जातं. उलट कलम २४ मालकाच्या बाजूने आहे : मुदत संपूनही लायसन्सीने घर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने पैसे मागता येतात. ज्या भीतीने कुलुपं लागली, तिच्यावरचा उपाय पंचवीस वर्षं कायद्यात लिहिलेला आहे.

तरी कुलुपं निघाली नाहीत. कारण तोवर पैसा भाड्यातून येणं थांबून भावातून येऊ लागला होता. २००२मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि मुंबईपासूनचं अंतर तासांत मोजायची सवय लागली. १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सरळ घेता येत नाही, म्हणून बिगरशेती प्लॉटला सोन्याचा भाव आला. जमीन वाढतेच आहे, मग आत माणूस कशाला ठेवा?

भाड्याचा हिशेब खरोखर कसा बसतो ते आकड्यांत मांडून बघा. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा ५० लाखांचा फ्लॅट आहे आणि भाडं १२ हजार. वर्षात एक महिना रिकामा गेला तर हातात १ लाख ३२ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना २ हजार धरला तर २४ हजार गेले, घरपट्टी ५ हजार, आणि पावसाळ्यानंतरची ओल, बुरशी, रंग, गळकी खिडकी यांचे १५ हजार. राहिले ८८ हजार. म्हणजे गुंतवलेल्या पैशावर पावणेदोन टक्के. बँकेतली मुदत ठेव याहून बरी. गृहकर्जाचा हप्ता यातून फिटत नाही, रील काहीही म्हणो.

व्हिला रात्रीच्या हिशेबाने देणाऱ्यांचे आकडे मोठे दिसतात, पण ते शनिवारचे असतात. आठवड्यात सात रात्री असतात. शिवाय चादरी, स्वयंपाकी, पोहण्याच्या टाकीचं पाणी, अ‍ॅपचं कमिशन, शेजाऱ्यांची डीजेवरून तक्रार. हे घर भाड्याने देणं उरत नाही, तो हॉटेलचा धंदा होतो आणि करखात्यालाही तो तसाच दिसू शकतो. साध्या घरभाड्यावर मिळणारी ३० टक्क्यांची सरसकट वजावट मग गृहीत धरता येत नाही. धंदा म्हणून उतरणाऱ्याने जरूर उतरावं. घर बघायला मात्र शनिवारी जाऊ नये, मंगळवारी जावं, आणि जमलं तर जुलैत. छत, भिंती आणि रस्ता यांच्याबद्दल एजंटापेक्षा जुलै जास्त खरं बोलतो.

हा सगळा डोलारा मागच्या खोलीतल्या माणसावर उभा असतो. पाहुण्यांना किल्ली तोच देतो, मोटर तोच चालू करतो, पावसात पत्र्यावर तोच चढतो. तो घरात राहतो, पण त्याच्याकडे ना भाड्याची पावती असते, ना लायसन्स. गोव्यातल्या एका घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये स्पष्ट सांगितलं : रखवालदार किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्या मिळकतीत त्याचा हक्क निर्माण होत नाही. निकाल मालकाच्या दृष्टीने रास्तच आहे. पण त्यामुळे डोंगरावरच्या ज्या माणसाला घर रिकामं करायला लावणं सर्वांत सोपं आहे, तोच तिथे सर्वांत जास्त दिवस राहतो.

नियमित भाडं हवं असणाऱ्याने पुणे-लोणावळा लोकलमधून तळेगावला उतरावं. तिथे वर्षभर राहायला खोली शोधणारी माणसं आहेत : कारखान्यांतले कामगार, विद्यार्थी, पिंपरी-चिंचवडला रोज जाणारे. अर्थात कारखान्याच्या भरवशावर घेतलेल्या घराला कारखान्याचंच नशीब चिकटतं. जनरल मोटर्सने तळेगावात २००८मध्ये उत्पादन सुरू केलं आणि डिसेंबर २०२०मध्ये बंद केलं. २०२३मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घ्यायचा करार केला. मधल्या काळात, २०२२मध्ये, तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला गेला आणि पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर पडली. ब्रोकरच्या तोंडी असलेल्या 'येणार' या शब्दावर फ्लॅट घेणाऱ्याने एवढ्या चार ओळी तरी वाचाव्यात. तिथे आधीच राहणाऱ्या कामगारांना खोलीचं भाडं काय पडतं, हे त्यांनाच विचारलेलं जास्त उपयोगी.

भीतीवरच्या इलाजाची किंमतही सांगून टाकतो. १२ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट, ११ महिने : मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने सुमारे साडेतीनशे रुपये, नोंदणी फी शहरी हद्दीत १ हजार. आधार आणि अंगठा असला की घरबसल्या होतं. बंगल्याच्या गेटला लागणारं बऱ्यापैकी कुलूपही साधारण तेवढ्यालाच येतं.