नंबराचा कागद कोणाचा?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. ओळीने येणाऱ्या या तीन स्थानकांपैकी कुठेही उतरा, चष्म्याच्या दुकानावर एक पाटी हमखास दिसते: डोळ्यांची तपासणी मोफत, फ्रेमवर सूट. कधी हीच पाटी सोसायटीच्या किंवा मोहल्ल्यातल्या शिबिरावर लागते. माणसे रांग लावतात, यंत्रात डोकावतात, नंबर निघतो आणि त्याच टेबलावर फ्रेम निवडणे सुरू होते. यात गैर काय, असे कोणीही विचारेल. उत्तरासाठी थोडे मागे जायला हवे, कारण हा प्रश्न चष्म्याहूनही जुना आहे.

मध्ययुगीन इस्लामी शहरांत नेत्रवैद्याला ‘कह्हाल’ म्हणत. हा शब्द ‘कुहल’ म्हणजे सुरम्यावरून आला. डोळा तपासणारा तोच आणि औषध विकणाराही बहुधा तोच. बाराव्या शतकात सीरियातल्या शैझरी यांनी मुहतसिबासाठी, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात पीठवाले, कसाई, अत्तारवाले यांच्याबरोबर कह्हालही आहेत. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक यांनी डोळ्यावर दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला होता. त्यावरून कह्हालाची परीक्षा घ्यावी, डोळ्याचे पडदे, त्याचे रोग आणि औषधे त्याला माहीत आहेत का ते पाहावे आणि मगच त्याला लोकांच्या डोळ्यांना हात लावू द्यावा, असे शैझरी सांगतात. रस्त्यावर फिरणाऱ्या कह्हालांवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. पिष्ट आणि डिंक रंगवून औषध म्हणून विकणाऱ्यांबद्दलही ते सावध करतात.

लक्षात घ्या, शैझरी विक्रीला बंदी करत नाहीत. त्यांच्या अटी दोनच: तपासणाऱ्याला ज्ञान असावे आणि विकलेला माल खरा असावा.

चष्मा त्यानंतरचा. तो मुस्लिमांनी शोधला असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते, पण ते खरे नाही. अकराव्या शतकात कैरोमध्ये इब्न अल-हैसम यांनी प्रकाश आणि दृष्टी यांचे शास्त्र मांडले. त्यांच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर युरोपात शतकानुशतके अभ्यासले गेले. चष्मा मात्र तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत तयार झाला. आपला वाटा मोठा आहेच, तो फुगवून सांगायची गरज नाही.

धर्माच्या बाजूने पाहिले तर सूट देणे पूर्णपणे जायज आहे. विक्रेत्याने राजीखुशीने किंमत कमी केली, तर त्यात कोणाचे काय जाते? प्रश्न येतो तो सल्ल्याचा. ज्याचा सल्ला घेतला जातो तो अमानतदार असतो, या आशयाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या संग्रहांत आहे. नंबर काढून देणारा माणूस हा सल्लागार असतो. चष्मा खपला तरच त्याचे पोट भरणार असेल, तर ‘तुम्हाला चष्म्याची गरज नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघणे अवघड. अमानतीची कसोटी नेमकी तिथे लागते.

आजचा कायदाही याच्या जवळपास येतो. डॉक्टरांसाठीचे २००२ चे आचारनियम सांगतात की रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेऊ नये आणि देऊही नये. डॉक्टरने स्वतःच्या रुग्णाला साधन पुरवणे मात्र गैर नाही, पिळवणूक होत नसेल तोवर. ‘कट प्रॅक्टिस’ रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने वेगळ्या कायद्याचा मसुदा केला, पण तो मसुदाच राहिला. दुकानदार डॉक्टर नसतो. त्याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. एक वस्तू किंवा सेवा हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, अशी सक्ती त्या कायद्यात प्रतिबंधक व्यापार प्रथेत मोडते. जाहिरातींबाबतच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पॅकेजच्या किमतीत धरलेल्या गोष्टीला ‘मोफत’ म्हणता येत नाही. अमेरिकेने तर १९७८ मध्येच नियम केला: तपासणी संपली की नंबराचा कागद रुग्णाच्या हाती द्यायचा, त्याने मागितला नसला तरी आणि चष्मा घेतला नसला तरी.

पण सर्वात मोठे नुकसान पैशांचे नाही. दुकानातले यंत्र चष्म्याचा नंबर सुचवते, डोळ्याचे आरोग्य सांगत नाही. काचबिंदूत बहुधा दुखत नाही, बाजूची नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही. मधुमेहात पडद्यावर परिणाम होतो, तोही सुरुवातीला कळत नाही. लहान मुलांचा नंबर डोळ्यांत औषध न घालता काढला तर तो चुकू शकतो. ‘डोळे तपासून झाले’ या समाधानात आपली अम्मी किंवा अब्बा पुढची काही वर्षे नेत्रतज्ज्ञाकडे गेलेच नाहीत, तर ती मोफत तपासणी फार महागात पडते.

फाळणीत सारे गमावून आलेल्या सिंधी निर्वासितांनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत संसार मांडला आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. मेहनत आणि माफक भाव यांवर इथला बाजार उभा राहिला. कमी उत्पन्नाच्या घरांना स्वस्त चष्मा हवाच आहे, म्हणून सूट बंद करा असे मी म्हणणार नाही. प्रामाणिक दुकानदार ‘आधी डॉक्टरला दाखवा’ असेही सांगतात.

आपण एवढेच करावे. सूट खुशाल घ्यावी, पण नंबराचा कागद मागून घ्यावा आणि मग चष्मा कुठून घ्यायचा ते ठरवावे. चाळिशी उलटली असेल, मधुमेह असेल किंवा घरात कोणाला काचबिंदू असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याचा दाब आणि पडदा तपासून घ्यावा. सरकारी रुग्णालयातला केसपेपर फार महाग नसतो. आणि मशिदीच्या किंवा मोहल्ला कमिटीच्या नावाने शिबिर भरणार असेल, तर आयोजकांनी एक अट आधीच घालावी: चष्मा घेवो न घेवो, प्रत्येकाच्या हातात त्याचा कागद पडलाच पाहिजे. शिबिराला आपले नाव दिले की मुहतसिबाची जबाबदारीही आपल्यावर येते.