हिशेब कोण लिहितो?

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे हिशेबाच्या वहीची पूजा होते. पण पुणे जिल्ह्यातील सुपे गावी १२ मे १८७५ रोजी कुणब्यांनी सावकारांची घरेदुकाने लुटली आणि कर्जरोखे हिसकावून जाळले.

या दंग्याचे एक मूळ अमेरिकेत होते, असे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले चकित होतात. १८६१ ते १८६५ या काळात तिकडे यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडकला आणि आपल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. सावकारानेही हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले. पण सरकारने सारा वाढवलाच. सावकाराने तगादा लावला. निशाणी केलेल्या कागदापुढे कोर्टात कुणब्याचे काही चालेना.

पुढे तिकडचा शेतकरीही अशाच फासात सापडला. दक्षिणेतला दुकानदार उधारी देई ती उभे पीक गहाण घेऊन. कापसाचे भाव उतरत गेले, रेल्वेचे भाडे मात्र जाचतच राहिले. त्या शेतकऱ्यांनी संघ काढले, गावोगाव व्याख्याते धाडले आणि १८९२ साली ओमाहा येथे ‘पीपल्स पार्टी’चा जाहीरनामा मांडला. ‘पॉप्युलिस्ट’ हे नाव या मंडळींचेच. त्या वर्षी त्यांच्या उमेदवाराला दहा लाखांवर मते पडली. १८९६ नंतर पक्ष विरला. पण प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक या त्यांच्या मागण्यांना १९१३ साली राज्यघटनेत जागा मिळाली. आपल्याकडेही १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला.

मात्र याला दुसरी बाजू आहे. जॉर्जियाचा पुढारी टॉम वॉटसन आरंभी गोऱ्या आणि काळ्या गरिबांनी एक व्हावे असे सांगे. पुढे तोच काळ्यांचा मताधिकार काढून घेण्याच्या बाजूने उभा राहिला. सुप्यातही राग निघाला तो परमुलखातून आलेल्या गुजर-मारवाड्यांवर. सारा, कोर्ट, परदेशचा बाजारभाव यांना तोंड नसते, सावकाराला असते.

मला वाटते, अशी चळवळ नुसत्या दारिद्र्यातून उठत नाही. आपल्या घामाचा हिशेब दुसराच कोणी लिहितो आणि तो आपल्याला वाचू दिला जात नाही, हे उमगले की माणसे उठतात. त्यांना कारण दाखवणारा भेटला तर कायदा बदलतो; नुसता माणूस दाखवणारा भेटला तर शेजाऱ्याचे घर जळते, आणि हिशेब होता तिथेच राहतो.