वहीतून निघालेला अल्बम

१९७३ चा एप्रिल. नाशिकच्या एका वस्तीत सतरंजीच्या कडेला तुम्ही जागा धरली आहे. वर्ष दुष्काळाचं. शेजारच्या बाईच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून ती पोराला काखोटीला मारून थेट इथं आली आहे. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती चौदा तारखेला झाली, पण गाण्यांचे कार्यक्रम अजून महिनाभर चालतील. पेटीवाला भाता हलवून सूर धरतो. ढोलकीवाला कडी सरकवतो, दोरी ताणतो, पुडीवर बोट मारून कान देतो, मान हलवतो, पुन्हा ताणतो. कुणालाच घाई नाही.

गायकाच्या हातात पुठ्ठा निघालेली शंभर पानी वही. दुसऱ्या गावच्या गायन पार्टीकडून उतरवून घेतलेलं नवं गाणं त्यात आहे, आणि ते आज इथं पहिल्यांदा वाजणार. चाल ओळखीची, सिनेमातली. त्यामुळे दुसऱ्या कडव्यापर्यंत अर्धी वस्ती कोरसात शिरते. कुणी रुपयाची नोट पुढे करतो, पेटीवर ठेवतो. माइकवरून त्याचं नाव पुकारलं जातं. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं, वामन, आणि टाळ्या पडतात. वामनदादा कर्डक मंचावर नाहीत. त्यांची गरजही पडलेली नाही. गाणं त्यांच्याआधी पोचलं आहे.

नीट ऐका, कारण हे सगळं हवेत विरणार आहे. टेप कुठंच चालू नाही. आजचा बँड स्टुडिओचे तास भाड्यानं घेतो, एकेक वाद्य वेगळं ध्वनिमुद्रित करतो, कव्हर रंगवून घेतो, तारीख जाहीर करतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. इथं गाण्याची लांबी समोर बसलेले ठरवतात. महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं स्वतंत्र संगीत मला हेच वाटतं. कंपनी नाही, दुकान नाही, तरी गावोगाव घराघरात पाठ. संगीताच्या इतिहासात त्याला मिळालेली जागा फार तोकडी आहे, आणि याची मला चीड येते. याच वर्षी वामनदादांचा ‘वाटचाल’ हा संग्रह छापून आला आहे. हजारो गाणी लिहिणाऱ्या माणसाचं त्यात मावणार तरी किती?

आता आणखी मागे चला. १९३५, येवला: बाबासाहेबांची धर्मांतराची घोषणा. १९३०, पंचवटी: २ मार्चला सुरू झालेला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह, दादासाहेब गायकवाडांची धावपळ, बंद दरवाजे. याच जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत, १९२२ साली जन्मलेला एक मुलगा तेव्हा सात-आठ वर्षांचा आहे. त्याला अक्षर येत नाही.

त्याच्या मागोमाग मुंबईला जा. शिवडीची बीडीडी चाळ. तरुण वामनच्या हातात कुणीतरी पत्र देतं, वाचून दाखव म्हणून. तो कागदाकडे बघत राहतो. वाचता येत नाही हे सांगताना त्याला रडू फुटतं. समता सैनिक दलातले देहलवी मास्तर त्याला मुळाक्षरं, बाराखडी शिकवतात. पुढची जोडाक्षरं तो रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्यांवरून स्वतःच जुळवतो. तुम्हीही त्याच्याबरोबर थांबा. एका पाटीपाशी बराच वेळ लागतो. मागून येणारी माणसं धक्का मारून पुढे जातात, तो हलत नाही.

३ मे १९४३. हिंदी सिनेमातल्या एका गाण्याचं विडंबन त्यानं रचलंय, थट्टेचं. चाळीतल्या लोकांसमोर तो ते म्हणतो. लोक खो खो हसतात. हे त्याचं पहिलं गाणं.