रेषांतून बोलणारी मुले



रडणाऱ्या मुलाचे दुःख आपणांस कळते. पण जे मूल गप्पच बसते त्याचे काय? अशा मुलाच्या हाती रंग देऊन त्याचे मन मोकळे करणे, यास कलोपचार म्हणतात. क्षयाच्या आजारात चित्रकलेने दिलासा मिळालेले इंग्रज चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ च्या सुमारास या उपचारास नाव दिले.

मुलांच्या कलोपचाराचा इतिहास मात्र एका ज्यू शिक्षिकेपासून सांगावा लागेल. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांचा जन्म व्हिएन्नात १८९८ साली झाला. डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी त्यांना टेरेझीनच्या बंदिवस्तीत डांबले. तेथे त्या मुलांना चित्रे काढावयास शिकवू लागल्या. कोरा कागद दुर्मिळ, म्हणून कचेरीतील पाठकोरे कागद घेतले. प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचे नाव लिहावे असा त्यांचा आग्रह असे. कारण तेथे माणसाचा क्रमांक झाला होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये औशवित्झ येथे त्यांची हत्या झाली. मागे दोन पेट्यांत सुमारे साडेचार हजार चित्रे उरली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. चित्रे काढणारी बहुतेक मुले मात्र वाचली नाहीत. फ्रीडल यांच्या विद्यार्थिनी एडिथ क्रेमर १९३८ साली न्यूयॉर्कला गेल्या आणि पुढे मुलांच्या कलोपचाराच्या अग्रणी ठरल्या.

हा उपचार जेरुसलेम, लंडन, न्यूयॉर्क येथील कडक धर्माचरणी ज्यूंच्या, म्हणजे हरेदी समाजाच्या मुलांपर्यंत पोहोचला, तेव्हा निराळेच प्रश्न उभे राहिले. दहा आज्ञांपैकी दुसरी आज्ञा प्रतिमा घडविण्यास मनाई करते. तिचा अर्थ सर्व धर्मपंडितांनी सारखा लावलेला नाही. तरी संकोच जुना आहे. जर्मनीत इ. स. १३०० च्या सुमारास तयार झालेल्या एका सचित्र हस्तलिखितात तर माणसांना पक्ष्यांची डोकी दिली आहेत! शिवाय, मुलग्यांचा वेळ धर्माध्ययनासाठी आहे, चित्रांत कशाला दवडावा, असेही अनेकांना वाटते. मनाच्या आजाराचा बोभाटा झाला तर घरातील मुलामुलींची लग्ने जमणार नाहीत, ही भीती वेगळीच. आणि आईबापांचा मान राखण्याची आज्ञा असताना घरातले दुःख परक्यापुढे बोलावे कसे?

चित्राचे मोल येथेच कळते. जे तोंडाने बोलणे मुलाला पाप वाटते, ते रंगांतून व आकारांतून वाट काढते. शहाणा उपचारक प्रथम आईवडिलांचा व धर्मगुरूंचा विश्वास संपादन करतो. मनुष्याकृती नको असेल तर घर, झाड, शब्बाथचे मेज, नोहाची नौका हे विषय पुरतात. शब्बाथच्या दिवशी चित्र काढणे वर्ज्य. तो दिवस सोडून काम करावे. मर्यादा पाळूनही मुलाला मोकळे होता येते.

वाचकहो, प्रतिमेविषयीचा हा संकोच आपल्यालाही नवा नाही. आणि त्याच संकोचाच्या सोबतीने आपल्याकडे सुलेखन व वेलबुट्टी बहरली. तेव्हा मुलाने कागदावर रेघोट्या ओढल्या, तर वेळ वाया घालवतोस म्हणून दटावू नका. चित्र सुंदर आहे की नाही, हेही पाहू नका. जवळ बसा आणि विचारा, “बाळ, यात काय आहे?” मग ते जे सांगेल, ते मध्येच न तोडता ऐकून घ्या.