टॅपिंगमधला मधला माणूस
फोन टॅपिंगच्या यंत्रांची जाहिरात होते ती त्यांच्या पल्ल्याची आणि वेगाची. पण गेल्या तीस वर्षांत या बाजाराने सुरक्षा यंत्रणांना खरी विकली ती मधला माणूस वगळण्याची सोय. १८८५च्या टेलिग्राफ कायद्याने संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला दिला तेव्हा ताराही सरकारच्याच होत्या. पुढे मोबाइलबरोबर खासगी कंपन्या आल्या आणि ऐकणारा व ऐकला जाणारा यांच्यात तिसरा कुणीतरी उभा राहिला. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात गृहसचिवांचा आदेश, त्याची मुदत आणि फेरतपासणी समिती या अटी घातल्या. २००७च्या नियम ४१९-अ ने कंपनीलाही कामाला लावले: आदेशाची पोच दोन तासांत द्यायची आणि दर पंधरा दिवसांनी आलेल्या आदेशांची यादी यंत्रणेकडे पाठवून ते अस्सल असल्याची खातरजमा करून घ्यायची.

हा पहारेकरी झोपतो, हा आक्षेप खोटा नाही. २००५मध्ये बनावट पत्रांवर राजकीय नेते अमरसिंह यांचा फोन टॅप झाला; इतक्या ढोबळ चुकांचा आदेश कंपनीने पडताळून का पाहिला नाही, असे न्यायालयाने २०११मध्ये सुनावले. तरीही ती पत्रे, चुकांसकट, न्यायालयासमोर ठेवता आली.

बाजाराने नेमका हाच कागद अनावश्यक केला. जीएसएम या मोबाइल तंत्रात फोनला नेटवर्ककडे आपली ओळख पटवावी लागते, नेटवर्कला मात्र फोनकडे नाही. ही फट हेरून म्युनिकच्या रोडे अँड श्वार्त्झने १९९६च्या सुमारास नकली टॉवर बनून बसणारे यंत्र आणले. त्याला कंपनीची परवानगी तर सोडाच, दखलही लागत नाही. आपल्याकडच्या सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टिम या सरकारी टॅपिंग व्यवस्थेनेही कंपनीचा हात काढून घेतला. कंपनीकडून गुप्तता फुटते, हे त्यामागचे सरकारी कारण अगदीच पोकळ नव्हते. २०१६पासून व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश वाटेत वाचता येईनासे झाले आणि इस्रायलच्या एनएसओसारख्या कंपन्यांची चलती झाली: एनएसओचे पेगॅसस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर थेट हँडसेटमध्येच शिरते. गुन्हेगार एन्क्रिप्शनआड बोलत असतील तर यंत्रणेने करायचे काय, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याचे उत्तर म्हणून विकत घेतलेल्या यंत्राची पोच कुणाच्याच टेबलावर येत नाही. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने पेगॅससच्या संशयावरून २९ फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले. ते पेगॅससच होते, हे काही ठरवता आले नाही.