वीज कोणाची? डॉ. आंबेडकरांचे अर्थशास्त्र आणि कायदा

१/ ऊर्जेचे अर्थशास्त्र आणि ऊर्जेचा कायदा आज विद्यापीठांत एकत्र शिकता येतात. असा अभ्यासक्रम नसतानाच्या काळात या दोन्ही विद्या भारताच्या वीजधोरणात एकत्र आणल्या त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

२/ १९१६ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे प्रवेश घेतला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

३/ मधल्या काळात, १९१८ साली, त्यांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीवर गरजेपेक्षा अधिक माणसांचा भार आहे. त्यावर उपाय औद्योगिकीकरण, असे त्यांचे प्रतिपादन होते.

४/ १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मधील भाषणात त्यांनी विचारले : वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? कसोटी एकच : वीज स्वस्त, मुबलक आणि खात्रीची हवी. तिच्याविना उद्योग नाहीत, आणि उद्योगांविना दारिद्र्यातून सुटका नाही.

५/ १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. पुढे १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांचा पाया घातला. राज्यघटनेत वीज समवर्ती सूचीत आहे. म्हणूनच केंद्र की राज्य, खाजगी की सरकारी, हा वाद आजही जिवंत आहे. त्या वादात १९४३ ची कसोटी मात्र विसरता कामा नये.