सांगावा आणि शहानिशा

गावगाड्यात सांगावा पोचविण्याचे काम महाराचे होते. गावात कोणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना ती बातमी त्याने पायी जाऊन द्यावयाची. चावडीवरचा हुकूम त्याने घरोघर सांगावयाचा. आमचा बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पण राज्य निजामाचे असो की इंग्रजाचे, या कामात फरक नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही दुसऱ्यांचे शब्द वाहिले. आमचा स्वतःचा शब्द मात्र वेशीच्या आत येऊ दिला गेला नाही. आज वस्तीतल्या प्रत्येक पोराच्या हातात मोबाइल आहे आणि जो तो सांगावा वाहतो आहे. म्हणून हा इतिहास पुन्हा तपासला पाहिजे असे मला वाटते.

माझा आजा येसकर होता. मयताचा सांगावा घेऊन निघण्यापूर्वी तो त्या घरातल्या माणसाला मेलेल्याचे नाव दोनदा विचारीत असे. एकदा नाव चुकले आणि जिवंत जावयासाठी सासुरवाडी रडली, त्याबद्दल त्याने मार खाल्ला होता. निरोप ज्याने धाडला तो घरात बसून राहतो. चुकीची किंमत वाहणारा देतो, हे तो मारातून शिकला होता.

आमचा स्वतःचा शब्द आम्हाला बाबासाहेबांनी दिला. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. पैसे देऊनही त्याची जाहिरात छापावयास ‘केसरी’ने नकार दिला होता. शब्दाची दारे कोणाच्या ताब्यात होती, हे यावरून कळते. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली आला. या पत्रांतून बाबासाहेबांनी विरोधकांवर कठोर टीका केली, पण ती मुद्दा, पुरावा आणि तर्क घेऊन केली.

त्याच साली महाड घडले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर थोड्याच वेळात गावात आवई उठली की, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. ती धादांत खोटी होती. पण तेवढ्यावर लाठ्या निघाल्या आणि परतीच्या तयारीत असलेल्या आमच्या माणसांची डोकी फुटली. आमच्याकडेही माणसे होती, संतापही होता. बाबासाहेबांनी त्यांचे हात आवरले आणि प्रकरण कायद्याच्या दारी नेले. जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना सक्तमजुरी झाली. तळ्याचा दिवाणी दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. आवईला आवईने आणि शिवीला शिवीने उत्तर दिले असते, तर हा निकाल लागला असता काय?

मराठवाड्याने आवईची दुसरी आग १९७८ साली पाहिली. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलैला केला आणि वस्त्या पेटू लागल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. मी तेव्हा शाळकरी पोरगा होतो. एका संध्याकाळी वस्तीत बातमी आली, “आज रात्री आपल्यावर येणार.” बायकांनी लेकरे उचलली, तरण्यांनी कुऱ्हाडी काढल्या. आजा ओट्यावरून उठला आणि म्हणाला, “कोन म्हनलं? डोळ्यानं कोनी बगितलं? कोन्या गावचे हायेत, किती हायेत?” एकालाही उत्तर देता आले नाही. त्याने लेकराबाळांना मळ्याकडे धाडले, कारण धोका खोटा मानून बसणेही शहाणपणाचे नव्हते. आणि दोन पोरांना आडवाटेने पाहावयास पाठविले. ती पहाटे परत आली. वाटेवर कोणी नव्हते. त्या रात्री आमच्या कुऱ्हाडी वेशीकडे निघाल्या असत्या तर सकाळी काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

आता आवईला पाय लागत नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडचे पाच भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे निरोप मोबाइलवरून फिरत होते, तेवढाच पुरावा. मेले ते भटके, ज्यांची ओळख पटवावयास गावात कोणी नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे धाडलेल्या निरोपावर तशी खूण दाखविणे सुरू केले आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी निरोप पुढे धाडण्यास आडकाठी घातली. आजाने मार खाऊन शिकलेली गोष्ट कंपनीला पाच प्रेते पडल्यावर सुचली.

आणि आमचा स्वतःचा शब्द? १६ मे २०१५ रोजी शेजारच्या नगर जिल्ह्यात, शिर्डीत, लग्नाला आलेला एक दलित तरुण मारला गेला. त्याच्या मोबाइलच्या रिंगटोनमध्ये बाबासाहेबांचे गाणे होते. वेशीच्या आत आमचा शब्द आजही सर्वांना सोसवत नाही, हे लक्षात ठेवूनच सावधपणाचा विचार केला पाहिजे. सावध राहणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. गाणे बंद करा, असा सल्ला मी कोणाला देणार नाही.

बीड जिल्ह्याने हा विस्तव अंगावर घेतला आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाविषयी माजलगावच्या आमदारांचे म्हणून एक बोलणे मोबाइलवर पसरले आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांचे घर पेटविले गेले. आमच्या वस्तीतली अर्धी माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी आणि लेकरे उरतात. अशा घरी रात्री अकराला एखादा निरोप येतो तेव्हा त्याची भीती किती मोठी होते, हे शहरातल्या वाचकाला कळणे कठीण आहे.

मध्यंतरी आमच्या वस्तीच्या गटात पुतळ्याच्या विटंबनेचे छायाचित्र आले: “शेजारच्या तालुक्यात, आत्ता, निघा.” पोरांनी मोटारसायकली काढल्या. मी पुतण्याला म्हटले, “बाळा, फोटूतल्या दुकानाची पाटी वाच.” पाटी तेलुगूत होती. छायाचित्र परप्रांतातले आणि जुने निघाले. त्याच पुतण्याने रागाच्या भरात दुसऱ्या जातीच्या बायकांविषयी गटात घाण लिहिले होते. त्याची चुलती म्हणाली, “त्याच शिव्या खाऊन म्या बांधावर काम केलंय. आता त्या माझ्याच घरातून निघाव्यात व्हय?” त्याने लिहिलेले पुसले आणि गटात माफी मागितली. आत्मसन्मानाची लढाई दुसऱ्याच्या आईबहिणीच्या अंगावरून जात नाही. बाबासाहेबांच्या माणसाला हे कोणी सांगावे लागू नये.

मग अपमान झाला तर काय करावे? महाडने दिलेले उत्तर आजही लागू आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २६ जानेवारी २०१६ पासून त्याची सुधारित कलमे अमलात आली. सार्वजनिक दृष्टीस येईल अशा ठिकाणी जातिवाचक शिवीगाळ हा त्यात गुन्हा आहे. लिहून वा चित्र काढून आपल्याविषयी द्वेष पसरविणे हाही गुन्हा आहे. इंटरनेटवर टाकलेला अपमानकारक मजकूरही सार्वजनिक दृष्टीतच येतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले. म्हणजे चावडी आता मोबाइलमध्ये आहे, हे न्यायालयानेही ओळखले. म्हणून शिवी आली की उलट शिवी लिहू नये. पडद्याचे चित्र तारीख, वेळ आणि धाडणाऱ्याच्या नंबरासह जपावे, मूळ निरोप पुसू नये, आणि चार माणसे सोबत घेऊन लेखी फिर्याद द्यावी. आपण दिलेली एक शिवी आपली फिर्याद दुबळी करते.

माझा आजा निरक्षर होता. पण त्याने ओट्यावरून विचारलेले प्रश्न पुरेसे आहेत: कोण म्हणाले, कोणी पाहिले, कोठले, किती? त्यांची उत्तरे मिळेपर्यंत सांगावा आपल्या हातातच थांबला पाहिजे.